मैद्याची खळ

घरात शंकरपाळ्यांचा कसलाही बेत नसताना भावना मैदा आणायला बाहेर पडली. तसं बघितलं तर त्या दिवशी एवढंच झालं.

सिडनीतला दुसऱ्या वर्षीचा लॉकडाऊन होता तो. हिवाळ्याचं पातळ ऊन पडलेलं, आणि रस्ते पाहुणे येऊन गेल्यानंतरच्या बैठकीसारखे रिकामे. भावना राहायची त्या पश्चिमेकडच्या भागात पोलीस घोड्यांवरून फिरत होते, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला लोक समुद्रावर ऊन खात पडलेत, असं टीव्हीवर दिसत होतं. रोग एकच, शहर एकच. फक्त रस्त्यावर कोणी किती उभं राहायचं, ते मात्र नीट ठरलेलं होतं.

हॅरिस पार्कच्या दुकानात तिने मैद्याची दोन पाकिटं उचलली, तर दुकानदाराने एक काढून घेतलं.

"एक ही मिलेगा, दीदी. इतना मैदा? क्या बना रही हो?"

"दीवार को खिलाना है, भैया."

तो हसला. भावनाही हसली. पुढे हे वाक्य तिला नको तेव्हा आठवायचं. पण तेव्हा ती नुसती हसली.

भिंतीचं बोलली ते खोटं नव्हतं. भावना वेस्टमीडला एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, सँपल रिसेप्शनला. म्हणजे लोकांच्या नाकाघशातून काढलेलं जे काही असेल ते नळ्यांमधून यायचं, आणि ही ते ओळीने लावून ठेवायची. "गावात आजी भांडी लावायची, मी शेंबूड लावते," असं ती म्हणायची. हॉस्पिटलपासून स्टेशनकडे जाताना एक अरुंद गल्ली होती. एका बाजूला पार्किंगची उंच इमारत, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या लाँड्रीची लांबच लांब विटांची भिंत. त्या भिंतीवर आंटी जोन चेहरे चिकटवणार होती.

आंटी जोन ही इथल्या मूळ लोकांपैकी. वय झालेलं, अंगाने काटकुळी, डोक्यावर त्यांच्या झेंड्याच्या रंगांची, काळी-लाल-पिवळी लोकरीची टोपी. इथे वडीलधाऱ्या बाईला तिचे लोक आंटी म्हणतात, हे कळल्यावर भावनाला फार बरं वाटलं होतं. कारण तिलाही सगळी इंडियन पोरं आंटी म्हणायची आणि ती चिडायची. "बघ, हा मान असतो," असं तिने आपल्या मुलीला, पायलला, सुनावलंही. पायल म्हणाली, "ममा, फॉर हर इट्स रिस्पेक्ट. फॉर यू इट्स जस्ट एज."

आंटी जोनने ज्यांना आयुष्यात कधी ना कधी कोणी 'काळा' म्हणून हिणवलंय, अशा इथल्या कामकरी माणसांचे फोटो काढले होते. तिच्या स्वतःच्या लोकांचे, सुदानी पोर्टरचे, फिजीच्या सफाईवाल्या बाईचे. ते पातळ कागदावर दरवाजाएवढे मोठे छापायचे, भिंतीवर ओळीने लावायचे, आणि वर एकच प्रश्न रंगवायचा: ही गल्ली कोणाची?

भावनाला त्यात ओढलं फातिमाने.

फातिमा वसईची. कॅथलिक, कोविड वॉर्डात नर्स, आणि तोंडाने अशी की पेशंटसुद्धा तिला घाबरून बरे व्हायचे. दोघींची सकाळची शिफ्ट एकदमच सुटायची, मग त्या गल्लीतून बरोबर स्टेशनला जायच्या. फातिमाचा डावा बूट चालताना चीं चीं वाजायचा. "तुझा बूट आधी येतो, तू मागून," भावना म्हणायची. फातिमाचं ठरलेलं उत्तर असायचं, "काय गो, उशीर तू करतंस आणि बोलणी माझ्या बुटाला?"

फोटोच्या दिवशी पार्किंगच्या तळमजल्यावर दोघी उभ्या होत्या.

"मी ब्लॅक?" फातिमा म्हणाली. "आमच्या वसईत मला सावळी म्हणायचे. स्थळं बघताना तर माझ्या आयने गव्हाळ लिहिलेलं."

"गव्हाळ? कुठल्या शेतातला गहू गो तो? जळालेल्या?"

"तुझ्या आईने काय लिहिलेलं मग?"

"तिने रंगाचा विषयच काढला नाही. 'मुलगी स्वयंपाकात निपुण' एवढंच. तेही खोटं."

आंटी जोन कॅमेऱ्यामागून म्हणाली, "लव्ह, ती पावडर पुसून टाक." भावनाच्या हाताने आपोआप पर्स घट्ट धरली. शाळेपासून ती पावडर लावत आली होती, अंघोळीनंतर, न चुकता. मास्कच्या आत कोण बघतंय, तरी लावायचीच. तिने रुमालाने तोंड पुसलं. फातिमा ते बघून जोरात हसली, तिचा दातावर आलेला दात दिसला, आणि तेवढ्यात आंटीने फातिमाचाच फोटो घेतला. भिंतीवर लागला तो हाच. नाकावर मास्कचा वळ, आणि तोंडभर हसू.

डिंकाची ऑर्डर लॉकडाऊनमध्ये कुठेतरी अडकून पडली, म्हणून भावना म्हणाली, "मी खळ करून आणते."

तिचे वडील भुसावळला रेल्वेत होते. जयंतीच्या आधी त्यांच्या घरात आंघोळीच्या पाण्याच्या बंबाशेजारी मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजायची. गुठळी होऊ द्यायची नाही, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. खळीला त्याने किंचित निळी झाक यायची. रात्रीतून वडील बाबासाहेबांचे फोटो भिंतींवर लावून यायचे. सकाळी कोणीतरी फाडलेले असायचे. वडील पुन्हा पातेलं चढवायचे. "भिंतीवर आपला चेहरा राहिला की ती गल्ली आपली," म्हणायचे. ज्या गल्लीतून त्यांच्या आजोबांना चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, तिथल्याबद्दल बोलायचे ते.

तेव्हा भावनाने बागकामाच्या दुकानातून मोरचूद आणलं, आणि वेंटवर्थव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तशीच निळसर खळ शिजवली.

चेहरे लावताना पोलिसांची गाडी आलीच. एक तरुण पोलीस उतरला. तुम्ही इथे काय करताय, घरापासून पाच किलोमीटरच्या आत आहात का, वगैरे.

आंटी जोन ब्रश न थांबवता म्हणाली, "डार्लिंग, माझं घर इथेच आहे. तुझा घोडा जहाजातून उतरायच्या आधीपासून."

"मी आज घोडा आणलेला नाही, मॅम," तो बिचारा म्हणाला, आणि परवानगीचा कागद बघून निघून गेला. तो गेल्यावर फातिमा इतकी हसली की शिडीवरून पडता पडता वाचली.

भावनाचा चेहरा फातिमाच्या शेजारीच लागला. एवढा मोठा, एवढा काळा, पावडरीशिवाय. तिला लाज वाटली. मग हळूहळू लाज गेली आणि ती नुसती बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती गर्दीच्या मागे उभी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कोणीतरी किल्लीने ओरखडे काढून लिहिलं होतं, घरी जा. आंटी जोनने त्यावर नवा कागद लावला आणि म्हणाली, "लिहिणाऱ्याला पत्ता विचारायला हवा होता."

*

फातिमाला वॉर्डात लागण झाली. लॅबमध्ये नळ्या आल्या त्यात तिच्या नावाची नळी होती, आणि ती ओळीत लावली भावनानेच.

मग घरी, मग वॉर्डात, मग आयसीयूत. ज्या मजल्यावर ती लोकांना दम द्यायची, त्याच मजल्यावर तिला श्वासासाठी पालथं निजवलं होतं. नर्सने एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर नळ्या, प्लास्टिक, आणि मध्ये कुठेतरी फातिमाचे डोळे.

"माझा फोटो... वाळला का गो?" तिने विचारलं.

"वाळला. तू शिडीवरून पडत होतीस ती जागा सोडून सगळा वाळला."

"वाट बघ. शिफ्ट सुटली की... बरोबर जाऊ."

"बघते ना. जाते कुठे?"

फातिमा गेली. तिच्या शेवटच्या विधीला मोजून दहा माणसांची परवानगी होती आणि भावना त्या दहांत नव्हती. तिने ते लॅपटॉपवर बघितलं, मध्येच चित्र अडकायचं. चर्चमध्ये फातिमाचा नवरा अँथनी उभा होता, एका हातात टोपी धरून, आणि चित्र तिथेच अडकून राहिलं, किती तरी वेळ.

भावनाचा नवरा धर्मपाल डार्विनला गॅसच्या कंपनीत. राज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे तो तिकडेच. फोनवर म्हणाला, "रड जरा." ती म्हणाली, "वेळ नाही, नळ्या लावायच्यात."

तिच्या मनात होतं की भिंतीवरच्या फातिमाला हार घालायचा, खाली पांढरी मेणबत्ती लावायची. आपल्यात तसंच करतात. गेलेल्या माणसाचा फोटो पुसून, समोर ठेवून, त्याच्याकडे बघत बसायचं. पण आंटी जोनचा फोन आला.

"लव्ह, तिचा चेहरा झाकायचाय. थोडी खळ देशील?"

"झाकायचा? का?"

"माझ्या आईकडच्या लोकांत गेलेल्या माणसाचं चित्र काही दिवस झाकतात. नावही घेत नाहीत. बघत राहिलं, हाका मारत राहिलं, की माणूस थांबतं. त्याला जाता येत नाही. मी तिच्या नवऱ्याला विचारलं. तो हो म्हणाला."

भावनाने अँथनीला फोन केला. तो म्हणाला, "झाकू दे गं. मला हॉस्पिटलात तिचं सामान आणायला त्याच गल्लीतून जायचंय. तिचं हसू मला बघवणार नाही."

तिने खळीचा डबा दिला. हात आखडता घेऊनच दिला. आंटी जोनने फातिमाच्या चेहऱ्यावर तपकिरी कागद लावला, कडा हाताने दाबून बसवल्या, भिंतीवर तळवा टेकून काहीतरी हळू बोलली, आणि गेली.

*

रोज दुपारी शिफ्ट सुटली की भावना त्या तपकिरी चौकोनासमोरून जायची. गल्लीत कोणी नसायचं. पार्किंगच्या इमारतीचे पंखे घरघरायचे, वर ते हेलिकॉप्टर, हवेत सॅनिटायझरचा आणि ओल्या निलगिरीचा वास. बाकीचे चेहरे दिमाखात बघायचे, तिचा स्वतःचाही. मध्ये तेवढी एक खिडकी लावून घेतलेली.

आणि ते तिला सहन होईना.

आंटी जोनची रीत तिला कळत होती. पण कळणं वेगळं आणि पचणं वेगळं. काळ्या बाईचं तोंड झाकायला जगात आजवर कोणाला कारण लागलं नाही, आता आपणच झाकायचं? लोकांच्या फुप्फुसांसाठी जीव दिला तिने, आणि तिच्या वाट्याला दहा माणसं आणि पाकिटं बांधायचा कागद? आणि वडील काय म्हणायचे... चेहरा राहिला की गल्ली आपली.

आंटीला विचारायला हवं होतं. अँथनीला तर हवंच होतं. भावनाने कोणालाच विचारलं नाही.

तिने थर्मासात कोमट पाणी घेतलं. खळीने लावलेला कागद ओरबाडला तर फाटतो. कोमट पाण्याने नीट भिजवला, आणि वरच्या कोपऱ्यापासून धीराने ओढला तर अख्खा निघतो, खालच्याला धक्का न लागता. हेही वडिलांनीच शिकवलेलं. दुसऱ्या पक्षाची पोस्टरं ते असेच काढायचे, घडी करून परत द्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं राहिलं होतं आमच्या फोटोवर."

दुपार लख्ख होती. कागद सुटत आला तसा आतून आंबूस वास आला, शिळ्या पिठाचा. पंखे त्याच क्षणी बंद पडले. इतकी शांतता झाली की कागदातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

फातिमा दिसली. भावनाने दोन डॉलरच्या दुकानातला प्लास्टिकच्या शेवंतीचा हार टेपने लावला, खाली मेणबत्ती पेटवली, आणि मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "फातिमा! आले बघ मी!"

मग तिने वर पाहिलं.

फोटोतलं हसू होतं. पण दात दिसत नव्हते. दातावरचा दात, ज्यावरून ती दहा वर्षं चिडवत आली होती, तो नव्हता. ओठ मिटलेले होते.

कागद भिजून आकसला असेल, भावना स्वतःशी म्हणाली. असंच म्हणाली. पंखे पुन्हा सुरू झाले.

*

दोन-तीन दिवस तर छानच गेले. नर्सेस थांबून बघायच्या, कोणी फुलं ठेवून गेलं. भावनाला वाटलं, वडिलांना फोटो पाठवता आला असता तर. एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की भिंतीवरची फातिमा समोर बघत नाहीये. स्टेशनच्या बाजूला बघतेय. जिकडे भावना पाठ करून चालत जायची तिकडे.

त्या दिवशी अर्ध्या गल्लीत तिला मागे आवाज आला.

चीं... चीं... चीं...

ती थांबली. आवाज थांबला. सूर्य असा डोक्यावर, आपली सावली पायाशी गोळा झालेली. ती वळली नाही. कोणाला वाटेल धीट बाई. मान इतकी आखडली होती, की वळवता आली नाही.

"काय गो..."

अगदी हळू. मास्कच्या आतून बोलल्यासारखं. "उशीर... केलास."

ती धावली. चाळिशी उलटलेली, गुडघ्याचं औषध चालू असलेली बाई, लंचबॉक्स आपटत धावली. ट्रेनच्या डब्यात एकटी बसली. स्वतःला म्हणाली, झोप नाहीये, तीन आठवडे झोप नाहीये. समोरची सीट रिकामी होती. त्या सीटखालून, गाडीने वळण घेतलं की, बारीक आवाज यायचा.

घरी पायल बाल्कनीत उभी होती, कानात इअरफोन, युनीचं लेक्चर चालू.

"ममा, हू वॉज दॅट विथ यू?"

"कोण?"

"द लेडी. तुझ्या एकदम बाजूला चालत होती. यू गाईज वेअरंट ईव्हन डिस्टन्सिंग. फाइन पडेल ना."

भावनाने चावी टेबलावर ठेवली. ती नीट ठेवली गेली नाही, पडली. "कशी होती दिसायला?"

"आय डोन्ट नो. मास्क होता ना." पायलने खांदे उडवले. "ब्राउन मास्क. मोठा. लाइक... पूर्ण तोंडावर."

संध्याकाळी अँथनीचा फोन आला. त्याचं घर टूंगॅबीला.

"भावना, तू उघडलास ना तो कागद?"

भावनाने खाली पडलेली चावी उचलली.

"झाकलेला होता तेव्हा शांत होतं गं. आता रोज, ती यायची त्या वेळेला फाटक वाजतं. मी उठतो. बुटाचा आवाज दारापर्यंत येतो. मग ती दाराशी उभी राहते. मला कळतं उभी आहे ते. पण आत येत नाही. बेल वाजवत नाही, निघून जात नाही. काल मी दार उघडून म्हटलं, ये ना. तर कोणी नव्हतं... फक्त पायपुसण्यावर ओलं पीठ सांडलेलं."

"अँथनी, मला वाटलं ती... तिला कोणी विसरू नये."

"मी विसरणार होतो काय तिला?" तो म्हणाला. रागावून नाही, आणि हेच जास्त लागलं. "तिला जाऊ दे गं. प्लीज. ती दमलीय."

*

सकाळी भावनाने लॅबला कळवलं की ती येत नाही, आणि पातेलं चढवलं. शेवटचा मैदा होता. गुठळ्या झाल्या, त्या तिने चमच्याने मोडल्या. चिमूटभर मोरचूद. खळ निळसर झाली. तिने ती डब्यात ओतली, झाकण लावलं, वरून टेप गुंडाळली, तपकिरी कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि निघाली. रस्त्यात ती सगळी वाक्यं जुळवत होती. सॉरी गो फातू. नाव नाही घ्यायचं. सॉरी गो. जा आता. मी एकटी जाईन स्टेशनला, सवय करीन.

गल्ली रिकामी होती. ऊन होतं. पंखे बंद होते.

फातिमाची जागा रिकामी होती.

कागद फाटला नव्हता, कोणी खरवडला नव्हता. तिथे कधी काही लावलंच नव्हतं, अशा कोरड्या विटा. प्लास्टिकचा हार मात्र होता, हवेत टेपला लटकलेला, आणि खाली मेणबत्तीचा वितळलेला गोळा. भावना त्या विटांसमोर उभी राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की गेली. सुटली. आपल्याशिवायच गेली. आणि बरं वाटायच्या ऐवजी तिला इतकं एकटं वाटलं की ती तिथेच उकिडवी बसली.

मग तिला वास आला. ताज्या खळीचा.

तिने मान वळवली. शेजारचा चेहरा तिचा स्वतःचा होता. म्हणजे असायला हवा होता. तिथे तपकिरी कागद होता. कडा नीट दाबून बसवलेल्या. कडांमधून ओली खळ बाहेर आलेली, विटांवरून खाली ओघळत होती. निळसर.

तिने आंटी जोनला फोन लावला. बोटं दोनदा चुकली.

"आंटी... माझा चेहरा तू झाकलास का?"

"मी? लव्ह, मी आठवडाभर घरात कोंडून आहे. क्लोज कॉन्टॅक्ट." पलीकडे आंटीचा श्वास ऐकू आला. "तुझा का झाकीन मी? तू तर आहेस."

"खळ... माझ्यासारखीच आहे. निळी."

"तुझी खळ माझ्याकडे उरलीच नाही. डबा धुऊन ठेवलाय." मग आंटी एकदम हळू बोलायला लागली. "ऐक. हात लावू नकोस. आणि कोणाचं नाव घेऊ नकोस, तिचं नको, तुझंही नको. मागे न बघता घरी जा. ऐकतेस ना? लव्ह?"

भावनाने फोन खाली घेतला. स्वतःच्या डब्याकडे पाहिलं. झाकण लावलेलं, टेप तशीच गुंडाळलेली. डबा हाताला गार लागला. इतक्या वेळात निवणारच.

हात लावू नकोस, आंटी म्हणाली होती. भावनाने बोटाचं टोक कागदाच्या कडेला टेकवलं. नुसतं टेकवलं.

खळ कोमट होती. आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखी.

"वाट बघितली ना मी," ती कुजबुजली. कोणाशी, ते तिला सांगता आलं नसतं. "म्हटलं होतं ना... जाते कुठे?"

वरून हेलिकॉप्टर गेलं, त्याची सावली भिंतीवरच्या सगळ्या चेहऱ्यांवरून सरकली, आणि त्या सावलीत भावनाला ते दिसलं. कागदाच्या मध्यावर, जिथे फोटोत तिचं तोंड असायला हवं तिथे, ओला कागद जरा आत ओढला जात होता. मग जरा बाहेर फुगत होता. मास्क घालून कोणी जिना चढून आलं की होतो, तसा. आत. बाहेर. आत.

आपल्याच श्वासाबरोबर हलतोय, तिला वाटलं. आपण धापा टाकतोय आणि डोळ्यांना तसं दिसतंय. तिने ओठ घट्ट मिटले, नाक दाबलं, आणि श्वास रोखून धरला.

कागद हलायचा थांबला नाही.